पेशी किती खाते, किती जाळते: चयापचय मोजायचा कसा?

प्रयोगशाळेत पेशी वाढवणाऱ्या माणसाला सकाळी पहिली बातमी रंगावरून कळते. पेशी ज्या द्रवात वाढतात त्या मीडियामध्ये बहुतेक वेळा फिनॉल रेड नावाचं रंगद्रव्य घातलेलं असतं. ताजा मीडिया लालसर. पेशींनी आम्ल सोडलं की तो नारिंगी होतो, मग पिवळा. फ्लास्क पिवळा दिसला की मीडिया बदलायचा, रोजच्या कामाला एवढं शास्त्र पुरतं. पण ‘हे आम्ल आलं कुठून?’ असं कोणी विचारलं की पंचाईत होते. पेशींनी ग्लुकोज अर्धवट तोडून त्याचं लॅक्टेट केलं म्हणून? की ग्लुकोज पूर्ण जाळून कार्बन डायऑक्साइड सोडला आणि तो पाण्यात विरघळून आम्ल झाला म्हणून? की पेशींची संख्याच दुप्पट झाली? तिन्ही वेळा रंग पिवळाच.

चयापचय म्हणजे पेशीत चाललेल्या हजारो रासायनिक क्रियांचा गोतावळा. अन्न तोडायचं, त्यातली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत भरायची, सुटे झालेले कार्बन वापरून नवीन पेशीचा माल तयार करायचा. एटीपीचं उदाहरण घ्या. कोणत्याही क्षणी आपल्या अख्ख्या शरीरात त्याचा साठा फार तर पाव किलो असतो. पण दिवसभरात बनणारा आणि खर्च होणारा एटीपी मोजला तर तो साधारण आपल्या स्वतःच्या वजनाइतका भरतो. म्हणजे तोच रेणू दिवसातून शेकडो वेळा बनतो आणि मोडतो. नुसता साठा मोजून या उलाढालीचा पत्ता लागणार नाही.

संध्याकाळी सात वाजता दादर स्टेशनच्या पुलाचा फोटो काढला तर गर्दी दिसेल. पण मिनिटाला किती माणसं पूल ओलांडतात, हे त्या फोटोवरून सांगता येईल? गाड्या वेळेवर असतील आणि लोंढा सरकत असेल, तरी पूल भरलेला. गाड्या बंद पडून माणसं जागच्या जागी अडकली, तर पूल आणखीच भरलेला. पेशीतल्या रेणूंचं असंच आहे. एखादं रसायन वाढलेलं सापडलं म्हणजे त्या वाटेनं काम जोरात चाललंय असं नाही. पुढचं एन्झाइम अडलं तरी ते साचतं. प्रमाण वेगळं आणि वेग वेगळा. या वेगाला फ्लक्स म्हणतात, आणि इंजिनिअर मंडळींनी या विषयात जी भर घातली ती मुख्यतः फ्लक्स मोजण्याची.

त्याआधी प्रमाण मोजण्याला कमी लेखू नये म्हणून एक गोष्ट. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी १९२५ मध्ये फॉस्फरस मोजायची रंगाची पद्धत प्रसिद्ध केली: नमुन्यात मॉलिब्डेट घालायचं, क्षपणक (इलेक्ट्रॉन देणारं रसायन) घालायचा, आणि जितकं फॉस्फेट जास्त तितका निळा रंग गडद. या साध्या पद्धतीच्या जोरावर त्यांना स्नायूत फॉस्फोक्रिएटिन सापडलं आणि १९२९ मध्ये एटीपी. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही स्वतंत्रपणे एटीपी शोधला. आधी मोजायची युक्ती आणि मागून शोध, असा क्रम या विषयात पुन्हा पुन्हा दिसतो.

वेग मोजायचा सगळ्यात जुना मार्ग म्हणजे आत काय गेलं आणि बाहेर काय आलं याचा हिशेब. केमिकल इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी हा शिकवतात: आत गेलेला माल एक तर बाहेर आला पाहिजे, नाही तर आत साचला पाहिजे. पेशी फोडायचीही गरज नाही. बर्लिनच्या ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात हेच केलं. ऊतीचे इतके पातळ काप काढायचे की ऑक्सिजन आतपर्यंत पोचेल. ते काचेच्या छोट्या फ्लास्कमध्ये ठेवायचे. आत एका कप्प्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड ठेवायचं, ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. आता फ्लास्कमधला दाब कमी झाला तर तो ऑक्सिजन संपल्यामुळेच. फ्लास्क ठरावीक तापमानाच्या पाण्यात सतत हलत ठेवायचा, कारण तापमान किंचित चढलं तरी दाब बदलतो आणि आकडा फसवा येतो. दाब नळीतल्या द्रवाच्या पातळीवरून वाचायचा.

याच उपकरणावर वारबुर्गना दिसलं की कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी भरपूर ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजचं लॅक्टेट करत राहतात. एका ग्लुकोजमागे त्या वाटेनं फक्त दोन एटीपी मिळतात. पूर्ण जाळलं तर तीसच्या आसपास. मग ही उधळपट्टी का? वारबुर्ग म्हणाले, कर्करोगाच्या पेशींचं श्वसनच, म्हणजे ऑक्सिजन वापरून अन्न जाळणंच, बिघडलेलं असतं. निरीक्षण पक्कं निघालं, स्पष्टीकरण सरसकट खरं निघालं नाही: बऱ्याच गाठींमध्ये मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतल्या श्वसनाच्या भट्ट्या, ठणठणीत असतात. उपकरण खोटं बोलत नव्हतं, पण ‘ऑक्सिजन किती गेला’ एवढंच सांगणाऱ्या उपकरणाकडून ‘का’ची अपेक्षा जास्त होती.

पुढचा टप्पा लेलँड क्लार्क यांचा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ते रक्तात ऑक्सिजन मिसळण्याच्या यंत्रावर काम करत होते आणि रक्तातला ऑक्सिजन नीट मोजता येत नव्हता. प्लॅटिनमच्या तारेवर ऑक्सिजनपासून वीजप्रवाह मिळतो हे माहीत होतं, पण रक्तातली प्रथिनं तारेवर बसून ती खराब करत. क्लार्क यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यावर तारेवर पातळ पडदा चढवला: ऑक्सिजन आत जाईल, प्रथिनं बाहेर राहतील. पुढे १९६२ मध्ये याच इलेक्ट्रोडवर ग्लुकोजचं एन्झाइम बसवण्याची कल्पना त्यांनी मांडली. आज घराघरात बोटाला टोचून शुगर बघायचं जे यंत्र असतं, त्याचा मूळपुरुष तो.

आता आजच्या प्रयोगशाळेत या. पेशींचं श्वसन मोजायचं म्हटलं की बहुतेक ठिकाणी ‘सीहॉर्स’ या यंत्राचंच नाव निघतं. कामाची तऱ्हा जवळून बघण्यासारखी आहे. प्लास्टिकच्या प्लेटमध्ये ९६ छोटे खळगे, प्रत्येकात तळाला चिकटलेल्या साधारण वीसेक हजार पेशी, वर २०० मायक्रोलिटरच्या आसपास मीडिया. आता गणित करू. हवेशी समतोल असलेल्या ३७ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २०० मायक्रोमोल ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणजे खळग्यात ४०,००० पिकोमोल (एका मायक्रोमोलचे दहा लाख पिकोमोल). वीस हजार पेशी मिनिटाला १०० पिकोमोल वापरतात असं धरलं, तर तीन मिनिटांत घट एक टक्क्याहूनही कमी, आणि वरून हवा ती भरून काढणारच. मोजणार काय? म्हणून यंत्र वरून एक दांडा खाली सोडतं आणि पेशींच्या वर जेमतेम दोन मायक्रोलिटरची बंद जागा तयार करतं. ड्रॉपरचा एक थेंब पन्नास मायक्रोलिटरचा. ही जागा त्याच्या पंचविसाव्या हिश्शाची. तिथे ऑक्सिजन फक्त ४०० पिकोमोल. तीन मिनिटांत त्यातले ३०० गेले तर ते कोणालाही दिसेल. दांड्याच्या टोकाला दोन चमकणारे रंग असतात: एकाची चमक ऑक्सिजनमुळे मंदावते, दुसऱ्याची आम्लतेप्रमाणे बदलते. मोजून झालं की दांडा वर, मीडिया ढवळला जातो, ऑक्सिजन पुन्हा भरतो, आणि पुढचं मोजमाप. पेशी मरत नाहीत.

नुसता वेग कळून भागत नाही, म्हणून मधेमधे औषधं सोडतात. आधी ऑलिगोमायसिन: ते एटीपी बनवणारं यंत्र बंद करतं. ऑक्सिजनचा वापर जेवढा घसरला, तेवढा तो एटीपी बनवण्यासाठी होता. मग एफसीसीपी: ते मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यातून प्रोटॉन गळू देतं, आणि पेशी जिवाच्या आकांतानं जास्तीत जास्त वेगानं श्वसन करते. ही तिची कमाल मर्यादा. शेवटी रोटेनोन आणि अँटिमायसिन: मायटोकाँड्रियातली ऑक्सिजन वापरणारी श्वसनसाखळी पूर्ण बंद. उरलेला ऑक्सिजनचा वापर मायटोकाँड्रियाबाहेरचा. रोटेनोन हे काही वेलींच्या मुळांतून मिळणारं विष; मासे पकडायला आणि कीटकनाशक म्हणून लोक ते फार पूर्वीपासून वापरत आलेत.

आलेख फार देखणा येतो, आणि इथेच घात होतो. एफसीसीपीची मात्रा प्रत्येक प्रकारच्या पेशीसाठी वेगळी शोधावी लागते. जास्त झाली तर श्वसन वाढायच्या ऐवजी दबतं आणि ‘या पेशीत राखीव क्षमताच नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो. खळग्यात पेशी किती होत्या हे शेवटी मोजलं नाही, तर दोन खळग्यांची तुलनाच करता येत नाही. आणि आम्लतेचा आकडा म्हणजे लॅक्टेट असं सर्रास लिहिलं जातं, ते बरोबर नाही. मायटोकाँड्रियातून निघालेला कार्बन डायऑक्साइडही आम्लता वाढवतो, तो वजा करावा लागतो. फिनॉल रेडचा घोटाळा इथे दशांश चिन्हासह परत येतो, एवढंच.

बाहेरून हिशेब मांडण्याची मर्यादा म्हणजे आतल्या वाटा कळत नाहीत. ग्लुकोज आत गेलं, लॅक्टेट बाहेर आलं, पण मधे कुठून फिरून आलं? यासाठी कार्बनवर खूण करतात. निसर्गातले बहुतेक कार्बन अणू १२ वजनाचे, साधारण १.१ टक्के १३ वजनाचे. हा जड कार्बन किरणोत्सारी नाही, पेशीला त्याचा फारसा फरक पडत नाही, पण रेणूंचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला एका एककाचा फरक स्पष्ट दिसतो. खुणेचे अणू वापरून चयापचयाचा माग काढायची सुरुवात रुडॉल्फ शोनहायमर आणि डेव्हिड रिटेनबर्ग यांनी १९३५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जड हायड्रोजन वापरून केली. शरीरातली चरबी आणि प्रथिनं नुसती पडून नसतात, सतत मोडून नव्यानं बनत असतात, हे अशा खुणांमुळे पहिल्यांदा नीट दिसलं.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. ग्लुकोजमध्ये सहा कार्बन. पहिले दोन जड असलेलं ग्लुकोज विकत मिळतं, ते पेशींना द्यायचं. ग्लायकोलिसिस या ग्लुकोज तोडायच्या नेहमीच्या वाटेनं गेलं तर सहाचे तीन-तीन असे दोन तुकडे होतात. एका तुकड्यात दोन्ही जड कार्बन, दुसऱ्यात एकही नाही. म्हणजे अर्धं लॅक्टेट दोननं जड, अर्धं साधं. पण पेशीकडे पेंटोज फॉस्फेट नावाची आणखी एक वाट आहे. डीएनएसाठी लागणारी साखर आणि नवे रेणू बांधायला इलेक्ट्रॉन पुरवणारं एनएडीपीएच तिथून मिळतं. त्या वाटेवर पहिला कार्बन सुरुवातीलाच कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. उरला एकच जड. पुढे तिथून परत आलेल्या लॅक्टेटमध्ये एकनं जड असलेले रेणू सापडू लागतात. ही साखर परत येताना कार्बनांची थोडी अदलाबदलही होते, त्यामुळे पक्का हिशेब याहून लांबतो. पण ‘एकनं जड’ दिसणं ही त्या वाटेची साक्ष. फक्त एक काळजी: लॅक्टेटमध्ये तीन कार्बन, प्रत्येक जड असण्याची शक्यता १.१ टक्के, म्हणजे काहीच न करता सुमारे ३.३ टक्के लॅक्टेट निसर्गतःच एकनं जड असतं. ते वजा केलं नाही तर नसलेली वाट ‘सापडते’.

खरी कसरत पेशी थांबवण्यात आहे. ग्लायकोलिसिसमधले कित्येक रेणू काही सेकंदांत संपूर्ण बदलून जातात. प्लेट उचलून बर्फावर ठेवेपर्यंत आतला हिशेब बदललेला असतो. म्हणून मीडिया झटक्यात काढून थेट गोठणबिंदूच्या कितीतरी खाली थंड केलेलं मिथेनॉल ओततात, एन्झाइम जागच्या जागी थांबावीत म्हणून. मशीन कोट्यवधींचं असलं तरी निकालाचा दर्जा या दोन-तीन सेकंदांवर ठरतो, हे बाहेरच्यांना पटत नाही.

मग संगणकाचं काम. कोणत्या वाटेनं किती वाहिलं याचा एक अंदाज धरायचा, त्यावरून जड-हलक्या रेणूंची टक्केवारी काय यावी हे काढायचं, खऱ्या मोजमापाशी ताडायचं, अंदाज सुधारायचा, पुन्हा. २००७ मध्ये एमआयटीतल्या ग्रेगरी स्टेफानोपोलस यांच्या गटानं या गणिताला लागणारी समीकरणं खूपच कमी करण्याची युक्ती काढली आणि मोठ्या जाळ्यांसाठीही हे शक्य झालं. मला विचाराल तर चयापचय मोजायच्या सगळ्या पद्धतींत ही सगळ्यात प्रामाणिक. अंदाज चुकला तर तो जुळतच नाही.

पेशीला हात न लावता आत डोकवायचं असेल तर प्रकाश. एनएडीएच हा इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू अतिनील प्रकाशात स्वतःच निळसर चमकतो. त्यातले इलेक्ट्रॉन गेले की चमक जाते. ब्रिटन चान्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात याचा पुरेपूर उपयोग केला. (हेच गृहस्थ १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये नौकानयनाचं सुवर्णपदक जिंकून आले होते.) आज चमक किती यापेक्षा ती किती वेळ टिकते हे मोजतात: सुटा एनएडीएच अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आतच विझतो, प्रथिनाला चिकटलेला त्याच्या कित्येक पट टिकतो. एकेक पेशी वेगळी पाहता येते हा मोठा फायदा. पण हाही शेवटी साठ्याचाच फोटो, वेगाचा नाही.

दुसऱ्या टोकाला असे लोक आहेत जे अख्ख्या पेशीच्या चयापचयाची समीकरणं मांडतात. ई. कोलाय या जिवाणूच्या २०१७ च्या मॉडेलमध्ये १५१५ जनुकं, २७१९ क्रिया आणि ११९२ वेगवेगळे रेणू आहेत. प्रत्येक रेणूसाठी ‘जितका बनला तितका वापरला’ असं एक समीकरण. शाळेतलं बीजगणित आठवत असेल तर अडचण लगेच दिसेल: अज्ञात राशी समीकरणांपेक्षा जास्त, उत्तरं असंख्य. त्यातलं कोणतं निवडायचं? सॅन डिएगोच्या बर्नहार्ड पाल्सन आणि सहकाऱ्यांनी असं मानलं की जिवाणू जास्तीत जास्त वेगानं वाढायचा प्रयत्न करतो; ते उत्तर निवडा. ग्लिसरॉलवर वाढवलेला जिवाणू मात्र या भाकितापेक्षा बराच हळू वाढत होता. मॉडेल चुकलं असं म्हणून सोडून देता आलं असतं. त्यांनी जिवाणू ग्लिसरॉलवरच वाढवत ठेवले. सुमारे ४० दिवसांत, म्हणजे ७०० पिढ्यांत, ते उत्क्रांत होत भाकितापर्यंत जाऊन पोचले. २००२ मध्ये हे ‘नेचर’मध्ये आलं.

याच प्रश्नाकडे वेगळ्या बाजूनं पाहणारं एक नाव आपल्याकडचं आहे. दोरायस्वामी रामकृष्ण हे मुंबई विद्यापीठाच्या माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून, म्हणजे यूडीसीटीतून शिकून अमेरिकेत गेले आणि पर्ड्यू विद्यापीठात रमले. त्यांनी १९८० च्या दशकात सहकाऱ्यांसह ‘सायबरनेटिक’ मॉडेलं मांडली. जॅक मोनो यांनी दाखवलं होतं की दोन साखरा एकत्र दिल्या तर जिवाणू आधी आवडती संपवतो, मग थोडा थांबतो, मग दुसरीला हात लावतो. ही प्रत्येक कळ कोणत्या रेणूनं दाबली याचा तपशील माहीत नसतानाही, पेशी आपली मर्यादित साधनसामग्री सगळ्यात फायद्याच्या एन्झाइमवर खर्च करते एवढं गृहीत धरून रामकृष्ण यांच्या मॉडेलांनी हा क्रम आणि मधला थांबा पकडला. पाल्सन यांचं गणित वाढीचं शेवटचं चित्र सांगतं. इथे वेळही आली.

हे सगळं प्लेटमधलं झालं. माणसाच्या शरीरात चयापचय मोजणारं एक तंत्र मात्र बऱ्याच घरांना ठाऊक असतं: पेट स्कॅन. ग्लुकोजसारखा दिसणारा, किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेला एफडीजी नावाचा रेणू टोचतात. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, पहिलं एन्झाइम त्यावर फॉस्फेट चढवतं, पण पुढचं एन्झाइम त्याला स्वीकारत नाही. तो आतच अडकतो आणि स्कॅनमध्ये चमकतो. तपासणीआधी उपाशी राहायला सांगतात ते यासाठीच: नुकतंच खाल्लं असेल तर इन्सुलिन एफडीजीला स्नायूंत पाठवतं आणि चित्र गढूळ होतं. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी अर्धा होतो, म्हणून तो बनवणारं सायक्लोट्रॉन (कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) फार लांब असून चालत नाही. भारतातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं. पण पेट स्कॅनवर गाठ झळकली म्हणजे तिनं ग्लुकोज आत घेतलं एवढंच कळतं. पुढे त्याचं लॅक्टेट झालं की ते पूर्ण जळालं, हे त्या चित्रात नाही. रेणू पहिल्याच पायरीवर अडकवला आहे, मग पुढचं दिसणार कसं?

प्लेटमधल्या पेशींवरून माणसाबद्दल बोलताना आणखी एक गोष्ट विसरली जाते. पेशींसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मीडियात लिटरला साडेचार ग्रॅम ग्लुकोज असतं. रिपोर्टच्या भाषेत शुगर ४५०. उपाशीपोटी १०० च्या खाली असायला हवी. ऑक्सिजनही ऊतींमध्ये असतो त्याच्या कितीतरी पट. अशा लाडावलेल्या पेशीनं ग्लुकोज उधळलं तर नवल नाही.

म्हणून डॅलसच्या एका गटानं फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून जड कार्बनचं ग्लुकोज दिलं आणि काढलेल्या गाठीत खुणा शोधल्या. २०१६ मध्ये आलेल्या निष्कर्षात गाठी शेजारच्या निरोगी फुफ्फुसापेक्षा ग्लुकोज जास्त जाळताना दिसल्या. वारबुर्गच्या जुन्या स्पष्टीकरणानं उलट अपेक्षा होती. एकाच गाठीत रक्तपुरवठा चांगला असलेले भाग ग्लुकोजशिवाय इतर इंधनंही वापरत होते, पुरवठा कमी तिथे भर ग्लुकोजवर. पुढच्या वर्षी त्याच गटाला काही गाठी रक्तातलं लॅक्टेट आत घेऊन जाळताना आढळल्या.

यातली इंजिनिअरिंगची अडचण अजून सुटलेली नाही. सर्जननं रक्तवाहिनी बांधल्यापासून तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये पडेपर्यंत वेळ जातो. तेवढ्यात पेशी गुदमरतात, आणि गुदमरलेली पेशी लॅक्टेटच बनवते. त्यामुळे अशा तुकड्यातलं लॅक्टेट किती यावर विसंबणं धोक्याचं. त्यातले किती टक्के रेणू जड आहेत, हा आकडा त्या मानानं तग धरतो.